ट्रॅकर चालू असूनही तारे लांबट का येतात? बेळगाव-खानापूर पट्ट्यासाठी निदान आणि दुरुस्ती

ट्रॅकर म्हणजे आकाश फिरते त्याच वेगाने कॅमेरा फिरवणारे छोटे यंत्र. त्याबद्दलची तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. ट्रॅकर सुरू होता, दिवा लागलेला होता, ध्रुव तारा पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरच्या अक्षातून पाहायच्या छोट्या दुर्बिणीत) आणला होता, तरी दोन मिनिटांच्या फ्रेममधले तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आले. संशय लगेच यंत्रावर जातो आणि ट्रॅकर दुरुस्तीला पाठवायची भाषा सुरू होते. यंत्र खरोखर बिघडलेले असण्याची शक्यता फार कमी. आपल्या भागात दोष बहुतेक वेळा मांडणीत असतो, आणि त्याला भूगोलही कारण आहे.

बेळगावचे अक्षांश १५.८५ अंश उत्तर. ध्रुव तारा क्षितिजावर साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. कारवारला तो १५ अंशांच्याही खाली, निपाणी-चिकोडीकडे १६.४ च्या आसपास, बिदरला १८ च्या जवळ. इंटरनेटवरची बहुतेक मार्गदर्शने ४० ते ५० अंशांवर राहणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. तिथे ध्रुव डोक्याच्या अर्ध्या उंचीवर असतो आणि ध्रुवाकडे रोखावा लागणारा ट्रॅकरचा अक्ष चांगला उभा तिरपा असतो. आपल्याकडे ध्रुव आंब्याच्या शेंड्यामागे किंवा उसाच्या धुरात लपतो, आणि ट्रॅकरचा अक्ष जवळजवळ आडवा झोपतो. त्यामुळे कॅमेऱ्याचे वजन ट्रायपॉडच्या मध्यावर न राहता उत्तरेकडे बाहेर लोंबकळते. पुढच्या अर्ध्याअधिक अडचणी या दोन गोष्टींतून निघतात.

आधी फोटो वाचा, मग स्क्रूला हात लावा

रेघेची दिशा आणि लांबी पाहिली की दोष कुठे आहे ते कळते. त्यासाठी खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेजवळचा) तारा निवडा: थंडीत मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे, उन्हाळ्यात चित्रा, पावसाळा सरल्यावर श्रवण. शक्यतो तो तारा दक्षिणोत्तर रेषेच्या जवळ असताना घ्या. ५० मिमीची लेन्स लावा आणि कॅमेरा अजिबात न हलवता तीन फ्रेम काढा:

१. ट्रॅकर बंद, ६० सेकंद.
२. ट्रॅकर चालू, ६० सेकंद.
३. ट्रॅकर चालू, २ सेकंद. आयएसओ भरपूर वाढवून.

पहिल्या फ्रेममध्ये तारे पूर्व-पश्चिम रेघ ओढतात. आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते, म्हणजे मिनिटाला ९०० विकला (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर ५० मिमीला एक पिक्सेल साधारण १६ विकलांचा असतो, म्हणून ही रेघ ५६ पिक्सेलच्या आसपास भरते. ही रेघ तुमची मोजपट्टी. दुसऱ्या फ्रेममधली रेघ तिच्याशी ताडून पाहा.

रेघ तीच, लांबीही तीच: ट्रॅकर फिरतच नाही. वीज, क्लच (मोटर आणि अक्ष यांना जोडणारी पकड) किंवा मोड तपासा.

रेघ दुप्पट: गोलार्धाचे बटण दक्षिणेवर आहे आणि ट्रॅकर उलटा फिरतो आहे. हे वाटते त्यापेक्षा खूप वेळा घडते, कारण बॅगेत कोंबताना बटण सरकते.

रेघ अर्धी: ट्रॅकर अर्ध्या वेगाच्या मोडवर आहे. जमीन आणि आकाश एकाच फ्रेममध्ये घेता यावे म्हणून हा मोड दिलेला असतो.

त्याच दिशेने पण दोन-तीन पिक्सेलच लांबट: चंद्राचा वेग निवडलेला असू शकतो. तो नाक्षत्र, म्हणजे ताऱ्यांच्या, वेगाहून सुमारे साडेतीन टक्के कमी असतो, त्यामुळे ५० मिमीला मिनिटात दोन पिक्सेलची रेघ पडते. सूर्याच्या वेगातला फरक मात्र एवढा बारीक की रुंद लेन्सला तो कळणारही नाही. वेग बरोबर असेल तर दातेचक्र, तोल आणि वारा यांच्याकडे वळा. त्याबद्दल पुढे आहे.

पहिल्या रेघेला काटकोनात, म्हणजे दक्षिणोत्तर लांबट: अक्ष ध्रुवाकडे नीट साधलेला नाही. आपल्या भागातला मुख्य दोष हाच.

मधले तारे गोल, फक्त कोपऱ्यांतले पंख फुटल्यासारखे: तिसरी फ्रेम पाहा. २ सेकंदांतही कोपरे तसेच असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे, ट्रॅकरचा त्यात काही संबंध नाही. ॲपर्चर एक-दोन स्टॉप बंद करा. ५० मिमी एफ/१.८ ची स्वस्त लेन्स एफ/२.८ वर किंवा एफ/३.२ वर लक्षणीय सुधारते.

सगळीकडे फुगलेले, मऊ तारे: फोकस सुटला आहे किंवा लेन्सवर दव बसले आहे.

तारा तुटक किंवा दुहेरी: धक्का लागला आहे. वारा, पावलांचा हादरा, लोंबणारी केबल, नाहीतर सैल बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवून धरणारा गोळ्याचा सांधा).

ट्रॅकर मध्येच थांबतो: पॉवर बँकेची खोड

पहिल्या चार-पाच फ्रेम उत्तम आणि मग अचानक पूर्ण लांबीच्या रेघा, असे झाले तर पॉवर बँक पाहा. ट्रॅकरची मोटर इतकी कमी वीज ओढते की बऱ्याच पॉवर बँकांना काही जोडलेलेच नाही असे वाटते आणि त्या स्वतःहून बंद होतात. उपाय दोन. कमी विद्युतप्रवाहाचा मोड असलेली पॉवर बँक वापरा, किंवा त्याच पॉवर बँकेला लेन्सचा दव-हीटर जोडा. हीटर पुरेशी वीज ओढतो आणि बँक जागी राहते. दुसरा उपाय जास्त चांगला, कारण ऑक्टोबर ते जानेवारीत खानापूर-जांबोटीकडे हीटर तसाही लागतोच. ट्रॅकरमध्ये पेन्सिल सेल घालायची सोय असेल तर एक ताजा संच जवळ ठेवा.

क्लचचेही इथेच. मोटरचा आवाज येतो, दिवा लागतो, पण क्लच हाताने घट्ट केलेला नसतो आणि कॅमेऱ्याच्या वजनाने तो घसरतो. क्लच आवळल्यावर कॅमेरा हलक्या हाताने ढकलून पाहा. तो जागचा हलता कामा नये.

किती चूक चालते?

हा हिशेब एकदा समजला की पुष्कळ वेळ आणि मनस्ताप वाचतो. नवशिक्यांचा अर्धा पाऊण तास अशा अचूकतेमागे जातो जिची त्यांच्या लेन्सला गरजच नसते.

एका पिक्सेलमध्ये किती विकला मावतात ते असे काढा: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि लेन्सच्या मिमीने भागा. ३.९ मायक्रॉनच्या सेन्सरवर २४ मिमीला ३३ विकला, ५० मिमीला १६, १३५ मिमीला ६.

आता दुसरी बाजू. अक्ष खऱ्या ध्रुवबिंदूपासून (आकाश ज्याभोवती फिरताना दिसते त्या बिंदूपासून) १ अंश चुकला तर तारे मिनिटाला जास्तीत जास्त १६ विकला सरकतात. चूक अर्धी तर सरकणेही अर्धे.

म्हणजे २४ मिमीला पूर्ण १ अंशाची चूक असली तरी दोन मिनिटांत एकच पिक्सेल सरकतो. डोळ्यांना तो दिसत नाही. ध्रुव तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सध्या सुमारे ३७ कला दूर आहे. पोलर स्कोपच्या वर्तुळाच्या भानगडीत न पडता ध्रुव सरळ मधोमध आणून ठेवला तर मिनिटाला कमाल १० विकलांची चूक पडते: २४ मिमीला तीन मिनिटांत एका पिक्सेलहून कमी, ५० मिमीला दोन मिनिटांत सव्वा पिक्सेल, पण १३५ मिमीला तेवढ्याच वेळात तीन पिक्सेलच्या वर.

म्हणून सुरुवात १८ ते २४ मिमीने करा, ध्रुव मधोमध ठेवा, दोन मिनिटांच्या फ्रेम काढा. तारे गोल आले की ५० वर जा. १३५ मिमीची लेन्स पहिल्याच रात्री लावून ट्रॅकरला दोष देणे हा त्या यंत्रावर अन्याय आहे. शिवाय नुसत्या ट्रायपॉडवर २४ मिमीला एका पिक्सेलइतके सरकायला सव्वादोन सेकंद पुरतात. ५०० च्या नियमाने (५०० ला लेन्सच्या फुल-फ्रेम समतुल्य मिमीने भागून सेकंद काढायचे) क्रॉप सेन्सरवर निघणाऱ्या चौदा सेकंदांत विषुववृत्ताजवळचे तारे सहा पिक्सेल लांबट होतात. त्या तुलनेत ढोबळ साधलेला ट्रॅकरही मोठी झेप आहे.

ध्रुव सापडत नाही, किंवा भलताच तारा धरला जातो

फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत रात्री सप्तर्षी दिसतात. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढा आणि त्या दोघांतल्या अंतराच्या पाचपट पुढे जा. ऑक्टोबर ते जानेवारीच्या संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडे क्षितिजाखाली असतात. तेव्हा शर्मिष्ठा वापरा. ती उत्तरेला सुमारे ४६ अंशांपर्यंत चढते आणि ध्रुव तिच्या खाली, क्षितिजाच्या बाजूला असतो.

सर्वांत जास्त फसवणारा तारा ध्रुवमत्स्यातला कोकॅब. तेज ध्रुवाइतकेच, आणि मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास तो ध्रुवाच्या वर, क्षितिजापासून सुमारे ३२ अंशांवर असतो. तिथली हवा स्वच्छ, म्हणून तो ध्रुवापेक्षा ठळक दिसतो. अनेक जण त्यालाच ध्रुव समजून पोलर स्कोपमध्ये आणतात आणि मग चूक १५ अंशांहून मोठी होते. हे टाळायला फोनमधले कोनमापक पुरेसे आहे. अक्ष १६ अंशांवर लावल्यावर जो तारा स्कोपच्या क्षेत्रात येईल तोच ध्रुव. वेज (अक्षाची उंची आणि दिशा बदलणारा ट्रॅकरखालचा पाया) ३० अंशांपर्यंत उचलावा लागत असेल तर तारा चुकला आहे, एवढे लक्षात ठेवा.

गळीत हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, हुक्केरी-चिकोडी-गोकाक भागात साखर कारखान्यांचा धूर आणि जळत्या पाचटाचा धूर संध्याकाळी जमिनीलगत बसतो. १६ अंशांवर आपण साडेतीन पट जाड हवेतून पाहत असतो, त्यामुळे दुसऱ्या प्रतीचा ध्रुव तिसऱ्या-चौथ्या प्रतीइतका मंद होतो किंवा पूर्ण झाकतो. रात्री अकरानंतर किंवा पहाटे पुन्हा पाहा. स्कोपमधला लाल दिवा शेवटच्या टप्प्यापर्यंत मंद करा. तो दिवा प्रखर असला तर मंद ध्रुव त्यातच बुडतो.

ध्रुव दाखवायला हिरवा लेझर वापरू नका, विशेषतः सांबरा विमानतळाच्या टापूत. वैमानिकाच्या डोळ्यांना तो धोकादायक आहे. शेजारी कोणी फोटो काढत असेल तर त्यांची फ्रेमही जाते.

जागा निवडताना उत्तर कुठे आहे ते पाहा

आकाशगंगेच्या फोटोसाठी सगळे दक्षिणेचा विचार करतात, उत्तर विसरतात. येळ्ळूरचा राजहंसगड शहराच्या दक्षिणेला आहे. वृश्चिक आणि धनूकडचे आकाश तिथून चांगले मिळते, पण ध्रुवाच्या बरोबर खाली बेळगावचा आणि उद्यमबागेचा उजेड येतो. काकतीच्या बाजूला उलटे: ध्रुव स्वच्छ, पण आकाशगंगेचे केंद्र शहरावर. जांबोटी-कणकुंबीहून बेळगाव ईशान्येला राहते आणि आग्नेय-दक्षिण ही दिशा जंगलाची, काळोखाची. या कामाला तो पट्टा उत्तम आहे. फक्त चोर्ल्याच्या बाजूला पश्चिमेकडे गोव्याचा उजेड जाणवतो, आणि उत्तरेला झाडी नसलेला माळ शोधावा लागतो. अभयारण्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय थांबू नका. गव्यांचा वावर आहे. उत्तर अगदी मोकळी हवी असेल तर हिडकल जलाशयाचा दक्षिण काठ. पाण्यावरून ध्रुव सहज दिसतो, पण दव लवकर पडते.

खाली असलेल्या ध्रुवाच्या बदल्यात आपल्याला दक्षिण मिळते, आणि ते दान मोठे आहे. आकाशगंगेचे केंद्र इथे ४५ अंशांवर येते, अगस्त्य २१ अंशांवर, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ जवळजवळ २७ अंशांवर. युरोपातल्या बहुतेकांना त्यातले निम्मे क्षितिजावरसुद्धा येत नाही.

१६ अंशांवर मांडणी कशी करायची

ट्रायपॉडचा एक पाय बरोबर उत्तरेला, अक्षाच्या खाली ठेवा. अक्ष आडवा असल्यामुळे कॅमेरा ट्रायपॉडच्या उत्तरेला बाहेर येतो. तिथे आधार नसेल तर सगळे पुढे कलते, आणि वाऱ्याच्या झोताने उलटूही शकते. या मांडणीची एक अडचण आहे: काउंटरवेटची (कॅमेऱ्याचा तोल साधणाऱ्या वजनाची) दांडी सरळ खाली आली की उत्तरेच्या पायाला धडकते. ट्रॅकर अडतो, क्लच घसरतो आणि तारे लांबट होतात. ट्रायपॉड आणि वेज यांच्यामध्ये एक छोटा उंचवटा देणारा खांब लावा, नाहीतर फ्रेम सुरू करण्यापूर्वी क्लच सैल करून दांडी पुढच्या दोन तासांत जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत हाताने फिरवून पाहा. ट्रॅकर तासाला १५ अंश फिरतो.

ट्रायपॉडचे मधले खांब वर काढू नका. पाय कमीत कमी लांब करा, जाड भाग आधी वापरा.

जमिनीचा प्रश्न खरा आहे. जांभ्याच्या कातळावर काही करावे लागत नाही. सुगीनंतरच्या भाताच्या शिवारात आणि गोकाककडच्या काळ्या रानात मात्र पाय हळूहळू रुततात, आणि तासाभरात अक्ष अर्धा अंश सहज हलतो. तिन्ही पायांखाली फरशीचा किंवा विटेचा तुकडा ठेवा आणि वरून दाबून बसवा. ट्रायपॉडला वजनाची पिशवी लटकवायची तर ती जमिनीला टेकलेली असू द्या. लोंबती पिशवी वाऱ्यावर झुलते आणि त्याच झोक्याने तारेही झुलतात.

ट्रायपॉड पाणसळीत आणा. त्याशिवायही ध्रुव साधता येतो, पण पाणसळ असेल तर उंचीचा आणि दिशेचा स्क्रू एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. मग वेज आपल्या गावाच्या अक्षांशावर लावा. दिशेसाठी होकायंत्र चालेल. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम एखादा अंश फरक आहे. पण फोनचे चुंबकी कव्हर काढा आणि गाडीपासून, लोखंडी वस्तूंपासून चार-पाच पावले दूर उभे राहून दिशा घ्या.

पोलर स्कोपमधल्या चुका

५० मिमीच्या पुढे जायचे तर ध्रुव वर्तुळावर योग्य जागी बसवावा लागतो. पोलर फाइंडरसारखे ॲप ती जागा दाखवते. तीन चुका पुन्हा पुन्हा होतात.

पहिली: स्कोप प्रतिमा उलटी दाखवतो. ॲपमध्ये 'स्कोपमधून दिसते तसे' आणि 'डोळ्यांना दिसते तसे' असे दोन पर्याय असतात. चुकीचा निवडला तर ध्रुव वर्तुळाच्या बरोबर समोरच्या बाजूला बसतो आणि चूक सव्वा अंशाच्या घरात जाते. मधोमध ठेवला असता तर याच्या निम्मीच चूक झाली असती! शंका असेल तर मधोमध ठेवा.

दुसरी: फोनला जागा कळलेली नसते. कणकुंबीकडे नेटवर्क नसले की ॲप जुनेच ठिकाण धरून बसते. अक्षांश-रेखांश हाताने भरा: १५.८५ उत्तर, ७४.५ पूर्व. काही ट्रॅकरवर तारखेची आणि वेळेची चकती फिरवून जागा काढतात. तिथे लक्षात ठेवा की भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण तिच्या ८ अंश पश्चिमेला, म्हणजे ३२ मिनिटे मागे आहोत. हे विसरले तरी चूक साधारण ५ कलांचीच पडते. रुंद लेन्सला तिची फिकीर नको. वातावरणातल्या वक्रीभवनाने ध्रुव ३ कला वर उचलल्यासारखा दिसतो, तेही सोडून द्या.

तिसरी: स्कोपची वर्तुळे ट्रॅकरच्या अक्षाशी जुळलेली नसतात. दिवसा दूरच्या मोबाइल टॉवरचे टोक मधल्या फुलीवर आणा आणि क्लच सैल करून अक्ष अर्धा फेरा फिरवा. टोक फुलीवरून सरकले तर जितके सरकले त्याच्या निम्मे स्कोपच्या छोट्या स्क्रूंनी आणि निम्मे वेजने परत आणा. दोन-तीनदा केले की जुळते. हे एकदा घरीच, गच्चीवर करून ठेवा.

साधून झाल्यावर कॅमेरा लावला की सगळे बिघडते

एवढा एकच भाग वाचला तरी चालेल, इतका तो महत्त्वाचा आहे. बहुतेक जण रिकाम्या ट्रॅकरवर ध्रुव साधतात आणि मग त्यावर दीड-दोन किलोचा कॅमेरा बसवतात. अक्ष आडवा असल्यामुळे त्या वजनाने वेज किंचित वाकतो, ट्रायपॉडचे डोके झुकते, आणि ध्रुव स्कोपमधून हलतो.

क्रम असा ठेवा: कॅमेरा, लेन्स, हीटर, केबल, काउंटरवेट सगळे आधी चढवा. कॅमेरा ढोबळमानाने लक्ष्याकडे वळवा. मग ध्रुव साधा. मग अंतिम फ्रेमिंग करून बॉल हेड आवळा. त्यानंतर पुन्हा एकदा स्कोपमध्ये पाहा. ध्रुव हलला असेल तर स्क्रूने परत आणा. वेजचे स्क्रू आवळतानाही ध्रुव सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर पाहणे हेच खरे पाहणे.

बॉल हेड थेट ट्रॅकरवर लावला तर काही मॉडेलमध्ये पोलर स्कोपसमोर कॅमेरा येतो आणि तपासणी करता येत नाही. एल-आकाराचा डेक्लिनेशन ब्रॅकेट लावला की वाट मोकळी राहते आणि तोलही साधता येतो. थोडा खर्च करायचाच असेल तर नव्या लेन्सआधी यावर करा.

ध्रुव दिसतच नसेल तर

झाडी, ढग किंवा डोंगर आडवा आला तर सरकण्यावरून अक्ष साधता येतो. वेज अक्षांशावर, दिशा होकायंत्राने, आणि मग:

दक्षिणेला दक्षिणोत्तर रेषेजवळ, खगोलीय विषुववृत्ताच्या आसपासचा तारा घ्या. पाच मिनिटांची फ्रेम काढा, आयएसओ कमी ठेवून. तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला झुकला आहे, तो पश्चिमेकडे वळवा. उत्तरेकडे सरकला तर उलट. दिशा जमली की पूर्वेला, क्षितिजापासून २५-३० अंश वर असलेला, विषुववृत्ताजवळचा तारा घ्या. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उचला. उत्तरेकडे सरकला तर खाली आणा.

फ्रेममध्ये उत्तर कुठली हे उमगत नसेल तर स्क्रू अर्धा फेरा कुठल्याही एका बाजूला फिरवून पुन्हा फ्रेम काढा. रेघ वाढली तर उलटे फिरवा. यात अर्धा तास जातो, पण मे महिन्यातल्या धुरकट रात्री यासारखा खात्रीचा मार्ग नाही.

चूक किती उरली तेही मोजता येते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये एकच तारा किती पिक्सेल सरकला ते पाहा. १३५ मिमीला २० मिनिटांत २० पिक्सेल म्हणजे १२० विकला, म्हणजे मिनिटाला ६. त्याला ३.८ ने गुणले की साधारण २३ कला. ही निदान एवढी चूक आहे, कारण निवडलेल्या ताऱ्यावर ती पूर्ण उमटलेली असेलच असे नाही.

काही फ्रेम गोल, काही लांबट

ध्रुव नीट साधलेला, वारा नाही, तरी दहातल्या तीन-चार फ्रेम पूर्व-पश्चिम लांबट येतात: हा दातेचक्रातला नियतकालिक दोष. स्टार ॲडव्हेंचरर वर्गातल्या ट्रॅकरमध्ये वर्म गिअरचा एक फेरा सुमारे दहा मिनिटांचा असतो. त्या फेऱ्यात अक्ष कधी किंचित पुढे पळतो, कधी मागे राहतो. हा झोका एकूण ५० विकलांचा असला तर सर्वांत वाईट मिनिटात १५ विकला घसरतात, म्हणजे १३५ मिमीला अडीच पिक्सेल. २४ मिमीला अर्धा पिक्सेलही नाही. एकेक मिनिटाच्या वीस फ्रेम काढा. वाईट फ्रेम दर दहा मिनिटांनी परत येत असतील तर निदान पक्के. लांब लेन्सला एक मिनिटावर थांबा, खराब फ्रेम टाकून द्या. तोल साधताना पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे दाते एकमेकांना टेकून राहतात.

कॅमेऱ्याकडची कारणे

लेन्समधले स्थिरीकरण बंद. ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून व्याध, स्वाती किंवा अभिजितवर फोकस करा, रिंगला चिकटपट्टी लावा, आणि रात्र थंड होत गेली की तासाभराने पुन्हा तपासा. लांब एक्सपोजरचे नॉइज रिडक्शन बंद ठेवा. नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडून राहतो आणि निम्मी रात्र फुकट जाते.

दव-हीटरची पट्टी लेन्सच्या पुढच्या काचेच्या लगेच मागे गुंडाळा, फोकस रिंगवर नको. आणि दव दिसल्यावर नव्हे, सुरुवातीपासून चालू ठेवा. पोलर स्कोपच्या काचेवरही दव बसते, हे फार जण विसरतात.

सुरुवातीची सेटिंग: एफ/२.८, आयएसओ १६००, दोन मिनिटे. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर यावा. शहराजवळ तो ४०-६० सेकंदांतच तिथे पोहोचतो. तिथे एक्सपोजर वाढवून काही मिळत नाही, फ्रेमची संख्या वाढवा. अशा तीस फ्रेम सिरिल किंवा सिक्वेटर या मोफत प्रोग्रॅममध्ये एकावर एक रचल्या की फरक स्पष्ट दिसतो.

रचलेल्या फोटोत तारे गोल पण पार्श्वभूमीवर एकाच दिशेने बारीक ओरखडे दिसत असतील, तर अक्ष थोडा चुकलेला आहे आणि सगळ्या फ्रेम हळूहळू एकाच बाजूला सरकल्या आहेत. दर पाच-सहा फ्रेमनंतर कॅमेरा दोन्ही दिशांना अगदी थोडा हलवा, दहा-पंधरा पिक्सेल पुरेत. मग सेन्सरचे डाग एका रेषेत येत नाहीत.

आणि खालची जमीन, झाडे, गडाची तटबंदी फराटल्यासारखी आली तर तो दोष नव्हे. ट्रॅकर आकाशाबरोबर फिरतो, जमीन मागे राहते. आकाशाच्या फ्रेम झाल्यावर ट्रॅकर बंद करा, कॅमेरा तसाच ठेवून जमिनीसाठी एक-दोन वेगळ्या फ्रेम घ्या आणि संपादनात जोडा. त्या फ्रेमसाठी आयएसओ ८०० आणि चार मिनिटे, चंद्र नसलेल्या रात्री कणकुंबीच्या माळावर साधारण पुरतात.